बॉक्स बदलण्याआधी खालचा खेळ शोधा

भाऊ, तुमच्या शहाद्याच्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं दुखणं असं दिसतंय: स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक ढिम्म, साठच्या पुढे गाडी रस्ताभर भटकते, खड्डा लागला की पुढची चाकं थरथरतात. अलाइनमेंट दोनदा झालं, आता मिस्त्री म्हणतोय स्टिअरिंगचा बॉक्स बदला. एवढ्यात बदलू नका. सांध्यांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, असताना मशीनवर आलेला आकडा गाडी मशीनवरून उतरेपर्यंतच खरा.

आधी चाकाच्या रिंगच्या आतून हात फिरवा. चोपड्याकडच्या शेतातून आल्यावर माझ्या गाडीलाही अशीच थरथर लागली होती. बॅलन्सिंगचे पैसे मोजले आणि मग खुरप्यानं रिंगमधून भाकरीएवढं काळ्या मातीचं वाळकं ढेकूळ काढलं. आपली माती एकदा वाळली की सिमेंटच.

मग इंजिन बंद, चाकं जमिनीवर. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत बसवा. तुम्ही खाली झोपा आणि बॉक्सच्या आर्मपासून चाकापर्यंत एकेक सांधा मुठीत धरत जा. डोळ्याला दिसत नाही तो खेळ तळहाताला टकटक लागतो. टायरॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, ड्रॅग लिंकची (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, बेलक्रँक (मधला फिरता आर्म) असेल तर त्याची पिन. बॉक्सचे बोल्ट चेसिसवर सरकतायत का तेही बघा. ब्रॅकेटला चीर गेली असेल तर बॉक्स अख्खाच डुलतो. ॲक्सल आवळणारे यू-बोल्ट आणि पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश विसरू नका. ॲक्सलच सरकत असेल तर स्टिअरिंग बिचारं काय करणार?

आता जॅक लावून गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर हबची बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक डावं-उजवं वळतं ती पिन. किंगपिनमधून शिम (पातळ चकत्या) काढून आवळताना टायरॉड सोडवा आणि नकल (चाकासोबत वळणारा भाग) स्प्रिंगच्या वजनकाट्यानं ओढून बघा, भंगारवाल्याकडे असतो तसल्या. किती ताणाला हलायला हवं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. खड्ड्यानंतरच्या थरथरीत माझा पहिला संशय इथंच.

बॉक्सचा नंबर सगळ्यात शेवटी. खेळ कमी करायला त्याच्या वरचा स्क्रू आवळायचा मोह मलाही झाला होता. अर्धा फेरा जास्त गेला, आणि तोरणमाळच्या घाटात वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईना, हातानं ओढून आणावं लागलं. बॉक्स मधोमध जास्त झिजतो. तिथला खेळ पूर्ण मारलात तर कडेला तो अडकतो. आणखी एक गोष्ट, जी फार जण बघत नाहीत: ड्रॅग लिंक सोडवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर आणा. आता चाकं सरळ ठेवून लिंक जुळते का? नसेल तर लिंकची लांबी जुळवा, स्टिअरिंग चाक काढून फिरवून बसवू नका. बॉक्स मधोमध नसला की चांगल्या बॉक्सलाही सरळ रस्त्यावर खेळ येतो.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत वळलीत, ते घरीच मोजता येतं. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा, त्यावर खिळ्यानं रेघ ओढा. गाडी खाली घेऊन दोन-तीन मीटर पुढे ढकला आणि हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून नि मागून मोजा. पुढचं दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. या सरळ ॲक्सलवर मशीनवाला एवढंच बदलू शकतो. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन, गाडी सरळ ठेवतो तो) हवा तर पाट्याखाली पाचर लागते. आणि कुणी उंचीसाठी लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) घातलेत का? शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर त्यानं कॅस्टर कमी होतो आणि हायवेवर गाडी भटकायला लागते.

ब्रेक दाबून काय झालं आणि शॅकल किती लांब आहेत, एवढं कळवा. तोवर बॉक्सला पाना लावू नका आणि धुळ्याकडे हायवेनं जाऊ नका.