दुसऱ्या वर्षाची तयारी आत्तापासून

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईचं पत्र आलंय. मुलाचं कम्युनिटी कॉलेजमधलं पहिलं वर्ष संपलं. ग्रेड चांगल्या आहेत, पोरगा रमलाय. पण पुण्याच्या नातेवाइकांचा फोन आला की कॉलेजचं नाव सांगायचं त्या टाळतात. ‘वर्ष वाया तर नाही ना गेलं?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, मुळीच नाही. कॅलिफोर्नियाने १९६०च्या उच्चशिक्षण आराखड्यात ही वाट विचारपूर्वक आखली. दोन वर्षं इथे शिकायचं, मग ट्रान्सफर घेऊन थेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जायचं. पदवी युनिव्हर्सिटीचीच मिळते. राज्याच्या रहिवाशांना फी युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे १५ युनिटचं सेमिस्टर ६९० डॉलरमध्ये होतं; पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. नातेवाइकांना एवढं एकदा सरळ सांगून टाका. मुलगा शेजारच्या खोलीतून ऐकत असतो, आणि आईने आपलं कॉलेज लपवलेलं त्याला कळतं.

त्याच्या वर्गात रात्रपाळी करून आलेली माणसं असतात, लष्करातून परतलेले असतात, लेकराला डे-केअरमध्ये सोडून आलेल्या आयाही असतात. अठरा-एकोणीसच्या वयात अशांच्या शेजारी बसून कॅल्क्युलस शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. वर्षभरात कोण भेटलं, कुठल्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना तो गेला, हे त्याला विचारा. ग्रेडबद्दल पुष्कळ विचारून झालं असेल.

आता कामाचं. खरी घाई याच उन्हाळ्यात आहे. झालेले कोर्स त्याच्या शाखेला चालतात का, हे असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेज आणि युनिव्हर्सिटी निवडून पाहता येतं. ते पाहून त्याने काउन्सेलरला भेटावं. मित्राने घेतला म्हणून घेतलेला कोर्स कधी कधी उपयोगी पडत नाही आणि एक सेमिस्टर वाढतं. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकासाठी ‘टॅग’ म्हणजे हमीचा प्रवेश मागता येतो. तो अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो. यूसीचा मुख्य अर्ज त्यानंतर. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग नाही, तिथे नेहमीचा अर्ज करावा. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या शाखा काही कॅम्पस टॅगमधून वगळतात, म्हणून यादी नीट वाचा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. कुटुंब एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर असेल, तर मुलाचं ते स्टेटस एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच टिकतं. ट्रान्सफर आणि हा वाढदिवस बहुतेकदा मागेपुढेच येतात. विद्यार्थी व्हिसाकडे वळायला महिने लागू शकतात, आणि फीचा दरही बदलू शकतो. इमिग्रेशन वकिलाची वेळ या सुट्टीतच घ्या आणि मुलालाही सोबत न्या.