इंधनाच्या बाँडवर बायकोची सही कशासाठी?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझे यजमान आणि त्यांचे एक मित्र मिळून टर्मिनलवरून (इंधनाच्या मोठ्या साठ्याच्या जागेवरून) गॅसोलीन उचलून गॅस स्टेशनांना पुरवण्याचा एक चालू धंदा विकत घेत आहेत. डिस्ट्रिब्युटरच्या लायसन्ससाठी राज्याने १ लाख २० हजार डॉलरचा शुअरटी बाँड मागितला आहे. एजंट म्हणतो, ‘हा इन्शुरन्सच समजा, वर्षाला दोन-तीन हजार भरले की झालं.’ पण सोबतच्या इंडेम्निटीच्या (भरपाई करून देण्याच्या हमीच्या) कागदावर तो माझीही सही मागतोय. माझा धंद्याशी काही संबंध नाही. सही करू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : ताई, आधी एजंटचं ते वाक्य डोक्यातून काढून टाका. हा इन्शुरन्स नाही. बाँडच्या कंपनीत अर्ज तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आणि हा गैरसमज घेऊन आलेली कितीतरी जोडपी पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन्शुरन्समध्ये नुकसान झालं तर कंपनी सोसते. इथे यजमानांच्या कंपनीने कर थकवला तर शुअरटी कंपनी, म्हणजे बाँड देऊन जामीन राहणारी कंपनी, राज्याला पैसे देईल आणि ते सगळे, वर वकिलाच्या खर्चासह, इंडेम्निटीवर सह्या करणाऱ्यांकडून वसूल करेल. प्रीमियम तुम्ही भरायचा, संरक्षण राज्याला. आपल्याकडे कुणाला जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो, तेवढाच विचार इथे करा.

रक्कम कुठून आली तेही समजून घ्या. टेक्सासमध्ये गॅसोलीनवर गॅलनमागे २० सेंट कर आहे. १९९१ पासून हाच दर आहे. कर न भरता उचललेल्या मालावर एका महिन्यात जास्तीत जास्त जेवढा कर बसू शकतो, त्याच्या दुप्पट बाँड लागतो. महिन्याला ३ लाख गॅलन धरले तर कर ६० हजार डॉलर, दुप्पट १ लाख २० हजार. तुमचा आकडा बहुधा असाच आला असावा. धंदा कितीही छोटा असला तरी ३० हजारांच्या खाली बाँड नाही, आणि वरची मर्यादा ६ लाख. मात्र कर बुडण्याचा धोका वाटला तर कम्प्ट्रोलर (राज्याचा कर वसूल करणारे अधिकारी) त्याहून जास्तही मागू शकतात.

राज्यं इतकी कडक का, याला इतिहास आहे. १९८० च्या दशकात न्यू यॉर्क-न्यू जर्सी भागात करबुडवे नुसत्या कागदावरच्या कंपन्यांची साखळी उभी करून इंधन एकीकडून दुसरीकडे विकल्याचं दाखवायचे, आणि कर भरायची वेळ आली की नेमकी तीच कंपनी गायब. पुढे केंद्राने कर वसूल करण्याची जागाच बदलली. टर्मिनलच्या रॅकवर (टँकर भरण्याच्या जागी) टँकर भरतानाच कर, गॅसोलीनसाठी १९८८ पासून आणि डिझेलसाठी १९९४ पासून.

आता तुमची सही. शुअरटी ती मागते कारण उद्या पैसे किंवा मालमत्ता बायकोच्या नावावर गेली तर वसुली कुठून करणार? टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई बहुतेक दोघांची धरली जाते, हेही एक कारण. राहत्या घराला टेक्सासच्या राज्यघटनेने मोठं संरक्षण दिलं आहे. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराला किंवा बँकेतल्या बचतीला ते नाही. कागदातली दोन कलमं मुद्दाम शोधा. शुअरटी मागेल तेव्हा तारण ठेवायचं, हे एक. राज्याचा दावा मान्य करायचा की लढायचा हे शुअरटीच ठरवणार, हे दुसरं. अशा कागदांत ही कलमं सहसा असतातच आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

माझं मत विचाराल तर आहे त्या स्वरूपात सही करू नका. एजंटला सांगा, दोन-तीन कंपन्यांकडे अर्ज टाक आणि फक्त दोन्ही भागीदारांच्या सहीवर बाँड मिळतो का ते बघ. कंपनीचा ताळेबंद आणि दोघांचा क्रेडिट स्कोअर भक्कम असेल तर मिळू शकतो. प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल. भागीदाराच्या बायकोची सही आहे का, हेही विचारा. तिची नसेल आणि तुमचीच असेल तर जास्त भार तुमच्याच घरावर येतो. बाँडऐवजी रोख रक्कम किंवा बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) देण्याची सोय कायद्यात आहे, पण रोख दिली तर धंद्याचं भांडवल अडकून पडतं.

यजमानांनाही दोन गोष्टी सांगा. जुन्या मालकाचा बाँड किंवा लायसन्स तुमच्या नावावर होत नाही, पण त्याची करबाकी मात्र तुमच्या गळ्यात पडू शकते. म्हणून कर बाकी नसल्याचं कम्प्ट्रोलरचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय विक्रेत्याला पूर्ण पैसे देऊ नका. आणि गिऱ्हाइकाकडून आलेला कर वेगळ्या खात्यात ठेवा. तो पैसा राज्याचा असतो. तो पगारात किंवा टँकरच्या हप्त्यात वळवला तर जबाबदार माणूस स्वतः सापडतो, बाँड असो वा नसो.

सलग ४ वर्षं सगळं वेळेवर भरलं की बाँडमधून मोकळं करा, असा अर्ज करता येतो. ही तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

प्रश्न : मी ओहायोत एक गॅस स्टेशन घेतोय. मलाही हा बाँड लागेल का?

उत्तर : फक्त किरकोळ विक्री करणार असाल तर इंधन-कराचा बाँड सहसा लागत नाही, कारण कर वरच्या टप्प्यावर भरलेला असतो. तुमचं लक्ष जमिनीखालच्या टाक्यांकडे हवं. केंद्राच्या नियमाप्रमाणे इंधन विकणाऱ्याला गळतीच्या प्रत्येक घटनेसाठी १० लाख डॉलरपर्यंतची आर्थिक तयारी दाखवावी लागते. त्यासाठी शुअरटी बाँड चालतो, पण तुमच्या राज्यात यासाठी राज्याचा निधी आहे. सध्याच्या मालकाची वर्गणी चालू आहे का, आणि पूर्वी कधी गळतीची नोंद झाली होती का, ही दोन्ही कागदपत्रं सौद्याआधी लेखी मागून घ्या.