वीज पडून मृत्यू, पण शवविच्छेदन नाही : चार लाखांची मदत मिळेल का?

प्रश्न : जूनमध्ये शेतात वीज पडून वडील गेले, शेजारी बांधलेली म्हैसही गेली. त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार उरकले. म्हशीचे पैसे मिळाले. वडिलांचं विचारलं, की तलाठी तोंडी सांगतात, "पीएम (शवविच्छेदन) नाही, तर प्रकरण नाही." काय करावं?

उत्तर : दर पावसाळ्यानंतर असे प्रश्न येतात. पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात खबर गेली असती, तर अकस्मात मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन सगळं रीतसर झालं असतं. घरच्यांना दुःखात सुचत नाही, पण सोबतच्या जाणत्यांनी तरी थांबवायला हवं होतं.

आता सगळं एका अटीवर आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपये मिळतात. अट एवढीच, की मृत्यूच्या कारणाचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला हवा. शवविच्छेदन हा त्यासाठीचा सर्वांत भक्कम पुरावा, पण त्याची सक्ती त्या अटीत लिहिलेली नाही. म्हणजे कारण दुसऱ्या पुराव्यानं सिद्ध करायला वाव आहे.

तुमचा सर्वांत मोठा आधार म्हशीची फाइल. त्यातला पंचनामा आणि पशुवैद्यकांचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती आधी काढा. तारीख, वेळ, गट नंबर जुळले, तर त्याच ठिकाणी वीज पडली हे सरकारी कागदच सांगतील. जोडीला मृत घोषित करणाऱ्या डॉक्टरांचं लेखी, पोलीस पाटलांचा अहवाल, अंगावरच्या भाजल्याच्या खुणा पाहिलेल्यांचे जबाब. वीज पडल्याच्या नोंदी पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था ठेवते. त्या माहिती अधिकारात मागा. ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर विसंबू नका, कायद्यानंच त्यावर मृत्यूचं कारण देत नाहीत.

अर्ज आईच्या नावानं, थेट तहसीलदारांकडे. चौकशी करून कारणांसह लेखी निर्णय द्यावा, असं स्पष्ट मागा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेला द्या, आणि दोन्हीकडून आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड जातं, आणि त्यातच तुमचे महिने गेले.

तहसीलदार हा पुरावा मानतीलच, याची हमी देता येत नाही. लेखी नकार आला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तारखा लांबतात, हे धरूनच चला. वकिलाच्या फीची चिंता नको. उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तोही आईच्याच अर्जावर.