तिथे जाऊन तो आणखी बिघडेल का?

"मॅडम, वेड्यांच्या शाळेत घालायचं का आमच्या पोराला?"

नातवासाठी मी विशेष शाळा, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा, सुचवली होती. आजोबा खुर्चीत न टेकताच बोलले. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. बाहेर बसलेल्या दोन पालकांनी माना वर केल्या.

ओंकार (नाव बदललं आहे) नऊ वर्षांचा. खालच्या वर्गांत कुणाला मागे ठेवत नाहीत, म्हणून तिसरीत पोचलेला. चाचणीत बुद्ध्यांक 46 आला होता, म्हणजे मध्यम बौद्धिक अक्षमता. वह्या मात्र नीटनेटक्या, अक्षर वळणदार. ते अक्षर आईचं होतं. वर्गात तो शेवटच्या बाकावर पाटी-खडू घेऊन बसायचा, डबा शेजारची मुलगी उघडून द्यायची, बटणं घरी आई लावायची. त्याला कुणी छळत नव्हतं, सगळे जीव लावायचे. पण दिवसभरात कुणी त्याला एखादं काम सांगतही नव्हतं. मला खुपलं ते हे.

आईची भीती आजोबांपेक्षा वेगळी. "इथे चांगल्या मुलांचं बघून काहीतरी उचलेल तरी. तिथे तशाच मुलांत राहिला तर आणखी बिघडेल."

हा प्रश्न मी कितीतरी आयांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा नाही. मुलं बघूनच शिकतात. पण समोरचं आवाक्यातलं असेल तर. वर्ग हातच्याची वजाबाकी करत होता, ओंकारला पाच गोट्या मोजून देता येत नव्हत्या. त्याने काय उचलायचं? फार तर गप्प बसणं, आणि ते त्याने छान उचललं होतं.

प्रत्येक मुलाला विशेष शाळेतच घाला, असं मी म्हणत नाही. अक्षमता सौम्य असेल, वर्गात मदतीला विशेष शिक्षक असेल तर नेहमीची शाळा उत्तम. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 6 ते 18 वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, कुठली शाळा ते आपण ठरवायचं. मुंबईत जय वकील या मुलीच्या आईवडिलांना तिच्यासाठी शाळाच सापडेना, तेव्हा त्यांनी 1944 मध्ये स्वतःच सुरू केली. आज निदान जाऊन बघण्याइतकी सोय झाली आहे. म्हणून तिघांना एवढंच म्हटलं, एक दिवस विशेष शाळेत बसून या.

मीही गेले. फाटकावरच्या पाटीवर अजून 'मतिमंद' होतं. आजोबा तिथे थबकले. (या पाट्या एकदाच्या बदला, असं मी प्रत्येक संस्थेत सांगते.) आत एका मुलाचं बटणांचं शिक्षण चाललेलं. ताईंनी चार बटणं लावली आणि शेवटचं त्याच्यावर सोडलं. ते लागलं की शर्ट पूर्ण, की शाबासकी. ते जमलं की शेवटची दोन त्याची, मग तीन. शेवटाकडून सुरुवातीकडे. आई पुटपुटली, "मी तर पहिल्यापासून शिकवत होते. दर वेळी रडायचा."

पलीकडे अठरा ओलांडलेल्यांची कार्यशाळा. कागदी पिशव्या चिकटवणारा एक मुलगा उठला, सांगितल्यावर चहा आणला आणि आजोबांसमोर कप ठेवून दोन पावलं मागे उभा राहिला. आजोबांनी त्याला "बस बाळा" म्हटलं, तर तो म्हणाला, "काम आहे."

जूनमध्ये ओंकारचं नाव घातलं. पहिले तीन आठवडे वाईट गेले. तो स्वतःचा हात चावायचा. शिवाय एका मुलाचं बघून उगाच टाळ्या पिटायला लागला. आईचा फोन आला, "म्हटलं होतं ना मी!" खरं होतं, म्हटलं होतं. ताई रागावल्या नाहीत. टाळी सुरू झाली की हातात मणी ओवायला द्यायच्या. सवय सुटायला दोन महिने लागले.

दिवाळीपर्यंत बटणं आली, कॉलरचं सोडून. वाचन आलेलं नाही. कदाचित येणारही नाही, हे आईला मी स्पष्ट सांगितलं आहे. पण स्वतःचं नाव ओळखतो, संडासला सांगून जातो. सुट्ट्या पैशांचा धडा शाळेत खऱ्या नाण्यांवर असतो. तो घरी आजोबा घेतात. माळ्यावरची जुनी चामड्याची बॅग त्यांनी खाली काढली आहे. ओंकारने पाचचं नाणं दिल्याशिवाय घरात कुणाला तिकीट मिळत नाही.

मेमध्ये आई आली ती तक्रार घेऊन. शाळेला सुट्टी लागली तरी हा रोज सकाळी सात वाजता गणवेश घालून दाराशी बसतो. 'सुट्टी' म्हणजे काय ते त्याला कळत नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, जूनमध्ये ते घेऊ.