लोण्याच्या जागी खोबरेल: वाचकांचे प्रश्न

स्वयंपाकातील स्निग्ध पदार्थांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका निरनिराळ्या रूपांत विचारलेली आहे: लोणी वगळून त्या जागी खोबरेल वापरले, तर पदार्थात नेमके काय बदलते? त्यांतील काही प्रश्न निवडून उत्तरे देत आहे. ‘लोणी’ हा शब्द येथे विकतचे बटर आणि घरी घुसळलेले लोणी या दोहोंसाठी वापरला असून, जेथे त्यांच्यात फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे. खोबरेल म्हणजे अर्थातच खाण्याचे खोबरेल. केसांसाठी सुगंध मिसळून विकले जाणारे तेल स्वयंपाकघरात आणू नये.

प्रश्न: केकच्या कृतीत 100 ग्रॅम बटर सांगितले होते. मी 100 ग्रॅम खोबरेल वजन करून घातले. केक हाताला तेलकट लागत होता आणि तरीही खाताना कोरडा वाटला. असे दोन्ही एकदम कसे होते?

आपण वजन केलेत हे चांगलेच झाले, परंतु तुलना सारख्या वस्तूंची नव्हती. बटर ही निव्वळ चरबी नसते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार बटरमध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 80 टक्के असावा लागतो, पाणी 16 टक्क्यांपर्यंत चालते आणि दुधातील इतर घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार, 2 टक्क्यांपर्यंत असू शकतात. खोबरेल मात्र जवळजवळ संपूर्णपणे चरबीच असते. म्हणजेच 100 ग्रॅमला 100 ग्रॅम घातल्यावर चरबी सुमारे 20 ग्रॅमने वाढली आणि जवळपास 16 ग्रॅम पाणी मिश्रणातून निघून गेले. वाढलेल्या चरबीमुळे केक तेलकट झाला, आणि पिठातील स्टार्चला फुगण्यासाठी लागणारे पाणी कमी पडल्यामुळे तो कोरडा लागला.

पुढच्या वेळी 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम खोबरेल आणि एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, पाणी किंवा दूध घ्यावे. दुधाला काही वर्ज्य नसेल तर मी दूधच घेईन, कारण बटर घातलेल्या केकला वरून जो खरपूस रंग येतो, त्यात दुधातील प्रथिने आणि दुग्धशर्करा यांच्या उष्णतेने होणाऱ्या संयोगाचा मोठा वाटा असतो. नुसत्या खोबरेलाचा केक पूर्ण भाजूनही फिकट दिसतो आणि रंगाची वाट पाहत आपण तो जास्त वेळ ओव्हनमध्ये ठेवून आणखी सुकवतो. कृतीत खारे बटर असेल तर चिमूटभर मीठही वेगळे घालावे लागते. घरच्या लोण्याच्या बाबतीत हा हिशेब इतका नेमका जमत नाही, कारण ते किती वेळा धुतले आणि किती निथळले यावर त्यातील पाणी अवलंबून असते आणि ते बटरपेक्षा बरेच जास्तही असू शकते.

प्रश्न: लोणी आणि साखर फेटली की मिश्रण फिकट व हलके होते. खोबरेल मात्र कितीही फेटले तरी एकतर गुठळ्या राहतात किंवा सगळे पातळ होऊन साखर तळाशी बसते. फेटण्याची पद्धत चुकते आहे का?

पद्धत चुकत नाही. चुकते आहे ते तापमान, आणि त्यातही खोबरेल आपल्याला फारशी सवलत देत नाही.

फेटताना साखरेच्या स्फटिकांच्या कडांमुळे चरबीत हवेचे अगणित सूक्ष्म बुडबुडे शिरतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे जवळजवळ निर्माण करत नाही; ती फक्त असलेले बुडबुडे मोठे करते. म्हणून फेटण्यातील आळस नंतर पावडर वाढवून भरून निघत नाही. हे बुडबुडे धरून ठेवण्यासाठी चरबी काही अंशी घट्ट आणि काही अंशी द्रव असावी लागते: घट्ट भाग बुडबुड्याला आधार देतो आणि द्रव भाग मिश्रणाला वळू देतो. दुधाच्या स्निग्धांशात शेकडो प्रकारची मेदाम्ले, म्हणजे चरबी ज्यांपासून बनते ती आम्ले, असल्यामुळे तो एकदम वितळत नाही. फ्रिजमध्येही त्याचा काही भाग द्रवच असतो आणि 32 ते 35 अंश सेल्सिअसला तो पूर्ण वितळतो. त्यामुळे 18 ते 20 अंशांना लोणी बोटाने दाबले तर खळगा पडतो, पण ते वाहत नाही. फेटण्यासाठी नेमकी हीच अवस्था हवी असते.

खोबरेलाची घडण वेगळी आहे. त्याच्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा असतो, आणि त्यामुळे ते 24 अंशांच्या आसपास फार थोड्या फरकात घट्टाचे द्रव होते. 20 अंशांखाली ते ठिसूळ, मेणासारखे असते आणि 26 अंशांना पाण्यासारखे वाहते. मधली मलमासारखी अवस्था मोजून दोन-तीन अंशांत संपते. विजेच्या यंत्राने जोरात फेटले तर त्या घर्षणाच्या उष्णतेनेही ही मर्यादा ओलांडली जाते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे खोबरेल मलमाइतके मऊ असतानाच बारीक साखरेबरोबर फेटायला घ्यावे आणि पातळ होऊ लागताच भांडे दोन मिनिटे गार पाण्यात ठेवावे. हे जमते, पण लक्ष सतत त्यातच ठेवावे लागते. दुसरा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो: हवा चरबीत भरण्याचा हट्टच सोडून द्यावा. अंडी आणि साखर एकत्र फेटून फेस चांगला दाट होऊ द्यावा, मग वितळवलेले कोमट खोबरेल बारीक धारेने त्यात सोडावे आणि शेवटी पीठ हलक्या हाताने मिसळावे. हवा अंड्यांनी धरलेली असल्यामुळे तेल घट्ट आहे की पातळ, याला महत्त्व राहत नाही.

मात्र अंडी, दूध, दही यांपैकी काहीही थेट फ्रिजमधून काढून घालू नये. गार दूध लागताच वितळलेले खोबरेल क्षणात गोठते आणि मिश्रणात रव्यासारखे कण दिसू लागतात. माझ्याकडून हे एकदा झाले होते, आणि दूध फाटले असे समजून मी चांगले मिश्रण फेकून दिले होते. भांडे कोमट पाण्यात ठेवून ढवळले असते तर ते कण विरघळून गेले असते.

प्रश्न: बिस्किटांसाठी आणि पापुद्र्यांच्या पेस्ट्रीसाठी खोबरेल चालेल का?

बिस्किटांसाठी चालेल, आणि चांगले चालेल. पाणी नसल्यामुळे पिठातील ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनाचे, धागे कमी तयार होतात आणि बिस्किटे अधिक भुसभुशीत होतात. मळलेला गोळा फ्रिजमध्ये फार वेळ राहिला तर दगडासारखा कडक होतो, तेव्हा लाटण्यापूर्वी तो थोडा वेळ बाहेर ठेवावा. हवा उष्ण असेल तर तयार बिस्किटे हाताला ओशट लागतात, याची तयारी ठेवावी.

पापुद्र्यांच्या पेस्ट्रीसाठी माझे उत्तर नाही असे आहे. तेथे चरबीचा थर पिठाबरोबर न तुटता लाटला जावा लागतो. गार खोबरेल लाटण्याखाली तडकते आणि जरा उबदार झाले की पिठातच मुरते. शिवाय लोण्यातील पाण्याची वाफ थर वर उचलायला मदत करते. तीही येथे मिळत नाही.

प्रश्न: भाज्या परतण्यासाठी आणि तळण्यासाठी दोहोंपैकी काय वापरावे? लोणी करपू नये म्हणून त्यात चमचाभर तेल घालावे असे सांगतात, ते बरोबर आहे का?

मंद आचेवर परतण्यासाठी लोणी उत्तम आहे. ते 150 अंशांच्या आसपास काळे पडू लागते, परंतु करपते ती चरबी नव्हे, तर दुधातील प्रथिने. तेल घातल्याने प्रथिनांचे करपण्याचे तापमान बदलत नाही. ती अधिक चरबीत विखुरली गेल्यामुळे काळेपणा कमी दिसतो, इतकेच. खरा उपाय म्हणजे पाणी आणि प्रथिने काढून टाकणे. लोणी कढवून गाळले की राहते ते तूप, आणि ते 200 अंशांच्या पुढेही धुरावत नाही.

खोबरेलाचे दोन प्रकार येथे वेगळे करावे लागतात. ताज्या खोबऱ्यापासून काढलेले, नारळाचा वास असलेले व्हर्जिन खोबरेल साधारण 175 अंशांना धूर सोडू लागते. सुक्या खोबऱ्यापासून काढून शुद्ध व गंधरहित केलेले रिफाइंड खोबरेल 200 अंशांपलीकडे टिकते. तळण बहुधा 170 ते 180 अंशांत होते, म्हणजे व्हर्जिन तेल अगदी काठावर येते. शिवाय त्याचा महाग सुगंध तळणात उडून जातो. तळायचे असेल तर रिफाइंडच घ्यावे. खोबरेल दुसऱ्या तेलात मिसळून तळू नये, कारण असे मिश्रण कढईत फार फेसाळते आणि उतू जाण्याचा धोका असतो.

प्रश्न: खोबरेलातील चरबी ‘मध्यम साखळीची’ असल्यामुळे ती हृदयाला अपायकारक नाही आणि लोण्यापेक्षा सुरक्षित आहे, असे वाचले. हे खरे मानावे का?

या दाव्यात एक खरी गोष्ट गैरसमजाने फार ताणली गेली आहे. मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे जे गुण सांगितले जातात, ते मुख्यतः साखळीत 8 किंवा 10 कार्बन अणू असलेल्या आम्लांपासून बनवलेल्या विशेष तेलांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. खोबरेलात या दोन आम्लांचा वाटा थोडा असतो. त्यात प्रमुख असलेले लॉरिक आम्ल 12 कार्बनचे आहे. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत ते मध्यम साखळीत बसवले जात असले, तरी शरीरात ते बव्हंशी लांब साखळीच्या आम्लांप्रमाणेच शोषले जाते.

100 ग्रॅम खोबरेलात संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) 80 ग्रॅमहून अधिक असते. तेवढ्याच बटरमध्ये ती सुमारे 50 ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त चरबीतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. रोजचा आहार 2000 कॅलरींचा धरला तर ही मर्यादा सुमारे 22 ग्रॅम होते, आणि खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यात त्यातील निम्मे संपते.

तरीही चमच्यातील ग्रॅम मोजून सगळे कळते असे नाही. 2018 साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांनी चार आठवडे रोज 50 ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल घेतले, तेव्हा लोण्याने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, खोबरेलापेक्षा जास्त वाढवले. दुसरीकडे, ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात 2020 साली आलेल्या, अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या विश्लेषणात खोबरेलाने इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल वाढवल्याचे दिसले; अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 सालीच खोबरेलाची शिफारस करू नये असे म्हटले होते. या दोन गोष्टींत विरोध नाही. खोबरेलाची तुलना लोण्याशी केली तर ते कदाचित बरे ठरते, पण शेंगदाणा, सूर्यफूल किंवा ऑलिव्ह तेलाशी केली तर नाही. म्हणून चवीसाठी किंवा दूध वर्ज्य असल्यामुळे खोबरेल वापरणे मला पटते. औषध म्हणून सकाळी चमचाभर घेणे पटत नाही. ज्यांचे एलडीएल आधीच वाढलेले आहे, त्यांनी दोन्ही क्वचित वापरावीत आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न: घरातील मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. लोण्याऐवजी तूप चालेल, की खोबरेलच घ्यावे?

खोबरेल घ्यावे. ॲलर्जी दुधातील प्रथिनांची असते आणि तुपात त्यांचा अंश राहू शकतो. ज्यांना केवळ दुग्धशर्करा पचत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. बटरमध्ये ती इतकी कमी असते की बहुतेकांना थोडे बटर सोसते. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी बेकिंग करताना साचाही लोणी लावून तयार करू नये. ही चूक अनेकदा शेवटच्या क्षणी होते.

प्रश्न: खोबरेलाची बरणी कधी पांढरी गोठलेली असते, कधी पातळ. शिवाय जुन्या बरणीतल्या तेलाला साबणासारखी चव येते. ते वापरावे का?

गोठणे आणि वितळणे हा केवळ तापमानाचा परिणाम आहे. ते कितीही वेळा झाले तरी तेल बिघडत नाही. साबणाची चव मात्र बिघडल्याची खूण आहे. बरणीत ओला चमचा गेला की ओलाव्यामुळे आणि त्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे चरबीचे विघटन होते आणि लॉरिक आम्ल सुटे होते. साबण बनवताना खोबरेलातील हेच आम्ल उपयोगी पडत असल्यामुळे ती चव ओळखीची वाटते. लोण्यात अशाच क्रियेने ब्युटिरिक आम्ल सुटते आणि उग्र, आंबूस वास येतो.

असे तेल केकमध्ये घातले तर साखर आणि व्हॅनिला यांच्या आडूनही ती चव वर येते, म्हणून ते टाकून द्यावे. नवी बरणी कोरड्या चमच्यानेच वापरावी आणि झाकण घट्ट लावून उजेडापासून दूर ठेवावी. फ्रिजची गरज नाही. लोणी मात्र फ्रिजमध्ये ठेवावे, आणि तेही झाकून, कारण शेजारच्या कांद्याचा वास ते एका रात्रीत ओढून घेते.