फिनी काउंटीचे आकडे कसे वाचावेत

न्यूयॉर्कमधील रेसिडेन्सी (डॉक्टरांचे रुग्णालयातील प्रशिक्षण) संपल्यावर तुमच्या यजमानांना कॅन्सस राज्यातील गार्डन सिटी येथे, जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसाच्या सवलतीखाली (म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करण्याच्या बदल्यात मायदेशी परतण्याची अट माफ होऊन), तीन वर्षांची नोकरी मिळते आहे आणि तुम्ही मुलीला घेऊन नाशिकहून थेट तिथे जाणार आहात. गार्डन सिटी ज्या फिनी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मोडते, तिच्याविषयीचे जनगणना विभागाचे कोष्टक पाहून तुम्ही विचारले आहे की अशा ठिकाणी आपला निभाव लागेल का. मी याच काउंटीत बरीच वर्षे राहत असल्याने त्या कोष्टकापासूनच सुरुवात करतो.

काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे 3,370 चौरस किलोमीटर आणि 2020 ची लोकसंख्या 38,470, म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम 11 माणसे; महाराष्ट्रात सर्वांत विरळ असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातही 2011 साली ही घनता 74 होती. मात्र ही सरासरी फसवी आहे, कारण यांपैकी 28,151 लोक एकट्या गार्डन सिटीत राहतात. तुमचे रोजचे जगणे शाळा, रुग्णालय, बाजार हाकेच्या अंतरावर असलेल्या लहान शहरातले असेल. गावाची वेस ओलांडली की मात्र गहू, मका आणि ज्वारी यांशिवाय काही दिसत नाही. ज्वारीच्या उत्पादनात कॅन्सस अमेरिकेत अग्रेसर आहे, पण ती मुख्यतः गुरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते, त्यामुळे भाकरीचे पीठ इथल्या दुकानात मिळेल अशी आशा धरू नये.

कोष्टकात सर्वांत बोलका भाग लोकसंख्येच्या चढउताराचा आहे. 1980 साली इथे 23,825 लोक होते, 1990 मध्ये 33,070 झाले आणि 2000 मध्ये 40,523. या वाढीमागे मुख्यतः मांसप्रक्रियेचा उद्योग आहे: 1980 च्या डिसेंबरात गार्डन सिटीशेजारच्या हॉलकम्ब गावाजवळ गोमांसाचा प्रचंड कारखाना सुरू झाला (तो आता टायसन कंपनीकडे आहे), आणि त्यातील कामासाठी आधी व्हिएतनामी व मेक्सिकन, पुढे सोमाली आणि ब्रह्मदेशातून आलेली कुटुंबे येत गेली. 2000 सालच्या नाताळच्या दिवशी गावातला दुसरा मोठा कारखाना, कॉनॅग्राचा, आगीत सापडला व पुन्हा उघडला नाही; दोन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि 2010 च्या गणनेत लोकसंख्या 36,776 वर उतरली. काउंटीचे नशीब शेती आणि गुरे यांना किती घट्ट बांधलेले आहे, हे या चार आकड्यांत दिसते. वारा फिरला की गुरांच्या गोठ्यांचा वास घरात येतो, हे मात्र कोणत्याही कोष्टकात नसते.

साधारण निम्मे लोक हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांतील मूळ असलेले आहेत. ‘एशियन’ या रकान्यातला आकडा पाहून भारतीय शेजार मिळेल असे समजू नका, कारण त्यात प्रामुख्याने व्हिएतनामी आणि ब्रह्मी कुटुंबे मोडतात. याचा एक फायदा असा की परक्या उच्चारातले इंग्रजी इथे कोणाला नवे वाटत नाही आणि मुलीच्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारी मुले भरपूर असतील. उत्पन्न आणि दारिद्र्य यांचे आकडे मात्र सावधपणे घ्यावेत. 65,000 हून कमी वस्तीच्या काउंटीसाठी जनगणना विभागाच्या वार्षिक नमुना पाहणीचे सविस्तर निष्कर्ष दरवर्षी वेगळे प्रसिद्ध होत नाहीत, पाच वर्षांचे एकत्र करून दिले जातात. शिवाय ते मुख्यतः कारखान्यातील मजुरांच्या घरांचे चित्र आहे, डॉक्टरच्या पगाराचे नाही. तुमच्या यजमानांना त्यांचा उपयोग वेगळ्या कारणाने होईल: कॅन्ससने मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) विस्तार केलेला नाही आणि विमा नसलेले रुग्ण त्यांच्यासमोर सतत येतील.

सुरक्षिततेविषयी लपवण्यासारखे काही नाही. 2016 च्या ऑक्टोबरात इथल्या सोमाली वस्तीवर बॉम्बहल्ला करण्याचा कट उघडकीस आला. तिघांना अटक झाली आणि 2019 मध्ये त्यांना दीर्घ तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. माझा स्वतःचा अनुभव शांत शेजाराचा आहे, तरी हा प्रसंग तुम्हाला माहीत असावा.

मोठ्या शहराचे अंतर मी अधिक गंभीर मानतो. विचिटा सुमारे 340 किलोमीटरवर आहे, आणि दुर्मीळ तज्ज्ञ डॉक्टर किंवा भारतीय किराणा यांसाठी एवढा प्रवास अधूनमधून करावाच लागतो. तुम्हाला गाडी चालवता येत नसेल तर नाशिकलाच शिकून घ्या.

तुम्ही स्वतः नोकरी करता असे लिहिले आहे, म्हणून शेवटचा मुद्दा सविस्तर सांगतो. सवलतीच्या नोकरीत यजमान एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर जातील आणि तुम्ही एच-4 या त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर. त्या व्हिसावर लगेच काम करता येत नाही. साधारणपणे यजमानांचा आय-140 अर्ज (ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, प्रक्रियेतला एक टप्पा) मंजूर झाल्यावरच तुम्हाला कामाचा परवाना मागता येतो. तेव्हा रुग्णालय ग्रीन कार्डची प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू करणार, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्यावे आणि तो मसुदा रुग्णालयाच्या वकिलाऐवजी तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा.