प्लाझ्मिड मागवण्याआधी

प्रिय,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. शिगेलावर, म्हणजे आमांशाच्या जिवाणूवर, डीएनए लस करायची कल्पना आवडली, पण प्लाझ्मिडची, म्हणजे लसीचा जीन वाहणाऱ्या डीएनएच्या कड्याची, ऑर्डर आठवडाभर थांबव.

२०२१ साली मंजूर झालेल्या अहमदाबादच्या झायकोव्ह-डी या कोविडच्या लसीवर तू बरीच भिस्त ठेवली आहेस. ती माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस, खरंच. पण डीएनए लसीतलं प्रथिन आपलीच पेशी घडवते, आणि विषाणूचं प्रथिन एरवीही आपल्याच पेशीत घडतं. जिवाणूचं प्रथिन तिथे परकं. ते पेशीबाहेर पाठवायला सिग्नल (वाट दाखवणारा तुकडा) जोडलास, की अ‍ॅस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून काहीही, मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा अमिनो आम्लांचा क्रम दिसेल तिथे आपली पेशी साखर चिकटवू शकते. माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) पट्टी हवी त्याच्या वर आली, तीही पसरट. चार महिने मी अँटिबॉडीला शिव्या घालत होतो. शेवटी एका सहकाऱ्याने पीएनगेज-एफ, म्हणजे ही साखर कापणारं एन्झाइम, टाकून बघायला सांगितलं. पट्टी निमूट खाली उतरली!

तू लक्ष्य म्हणून ओ-अँटिजेन लिहिलं आहेस. ती जिवाणूच्या पृष्ठभागावरची शर्करेची साखळी. प्लाझ्मिडमधून थेट प्रथिनच मिळतं, साखळी विणायला एन्झाइम्सचा अख्खा ताफा लागतो. शिवाय ती शिगेलाच्या दर सीरोटाइपला, म्हणजे उपप्रकाराला, बदलते. इपाबी आणि इपाडी ही शिगेलाची प्रथिनं बघ, ती बहुतेक सगळ्यांत सारखीच असतात.

आता आतडं. स्नायूत टोचलं की रक्तात आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) झकास चढतं, आलेख देखणा येतो आणि आपण फसतो. शिगेला शिरतो मोठ्या आतड्याच्या अस्तरात, तिथे पहाऱ्यावर असतं स्रावी आयजीए, अस्तरातून पाझरणारी अँटिबॉडी. तेव्हा ते मोजायला पहिल्या डोसाआधीपासून उंदरांच्या लेंड्या गोळा कर. ताज्या, बर्फावर, वजन करून, प्रोटिएझ (प्रथिन तोडणारी एन्झाइम्स) रोधक घातलेल्या बफरमध्ये. काम घाणेरडं आहे, तरी मदतनिसावर ढकलू नकोस.

प्रौढ उंदराला तोंडावाटे शिगेला देऊन आमांश होत नाही, हेही लक्षात घे. गिनीपिगच्या डोळ्यात जिवाणू घालून सूज बघायची सेरेनी चाचणी जुनी आणि क्रूर आहे. ती हवीच असेल तर प्राणी-नैतिकता समितीपुढे कारण नीट मांड.

आणि हो, अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा जीन असलेलं प्लाझ्मिड नको, कॅनामायसिनला दाद न देणाऱ्या जीनचं घे. उद्या माणसापर्यंत जायचं म्हटलं तर अँपिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं, त्यामुळे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आडवी येते.

सोमवारी येताना इपाडीचा अमिनो आम्लांचा क्रम छापून आण, साखर चिकटण्याच्या जागा पेन्सिलने खुणावून.

तुझा,
सर